बूट, संगणक आणि गिरणगावचा हिशेब



खेळाच्या बुटांच्या कारखान्यांत संगणक शिरतो तेव्हा तिथल्या कामगाराच्या पदरात काय पडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. परळ-लालबागच्या या गिरणगावात असे बूट मोठ्या प्रमाणावर तयार होत नाहीत, विकले मात्र जातात. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे आणि एकेकाळी जिथे कापड निघत होते तिथे परदेशी नावांचे बूट काचेआड मांडलेले असतात. तरीही हा विषय इथेच मांडायला हवा, असे मला वाटते. एक तर खेळाच्या बुटाचा वरचा भाग, ज्याला धंद्यात अपर म्हणतात, तो आता बराचसा कापडाचा असतो. २०१२ साली नायकी आणि आदिदास या दोन्ही कंपन्यांनी संगणकाच्या हुकुमावर सलग विणलेला अपर बाजारात आणला, आणि बुटाचा धंदा चामड्याकडून धाग्याकडे आणखी सरकला. धाग्याच्या धंद्याविषयी बोलण्याचा अधिकार या वस्तीने घाम गाळून कमावलेला आहे. पण त्याहून मोठे कारण असे की, नवी पद्धत आल्यावर कामाचे माप कोणी ठरवायचे या प्रश्नावरचा भारतातला एक मोठा लढा याच रस्त्यांवर लढला गेला. तो लढा १९२८ सालचा. त्याचा हिशेब नीट मांडला तर आज चेन्नईजवळच्या किंवा उद्या रायगडमधल्या बूट कारखान्याविषयी काय मागावे हे कळते.

माझे म्हणणे असे आहे. बुटांच्या कारखान्यात संगणक येतो तो मुख्यतः दोन कामांसाठी: हाताची हालचाल मोजण्यासाठी आणि हातातले ज्ञान फाइलमध्ये उतरवून घेण्यासाठी. हात तिथेच राहतात. म्हणून यंत्र आणायचे की नाही, यावर वाद घालत बसण्यात वेळ जातो. जे मोजले गेले आणि जे साठवले गेले ते कोणाच्या मालकीचे, यावर कामगार संघटनांनी, सरकारने आणि आपण बोलायला हवे. आज या प्रश्नावर जवळपास शांतता आहे, आणि ती मला फार काळजीची वाटते.

धंद्याचा आवाका आधी पाहू. जगात दरवर्षी २० अब्जांहून अधिक जोड तयार होतात. त्यांतले निम्म्याहून जास्त चीनमध्ये होतात आणि दुसरा क्रमांक भारताचा लागतो. पण भारतातले बहुतेक जोड देशातच खपतात. खेळाच्या महागड्या बुटांची रचना वेगळी आहे. नाव अमेरिकेचे किंवा जर्मनीचे, कारखाना तैवानी किंवा कोरियन मालकाचा आणि कामगार व्हिएतनाम-इंडोनेशियाचा. नायकीचे सुमारे निम्मे बूट एकट्या व्हिएतनाममध्ये तयार होतात. १९६९ मध्ये तैवानात सुरू झालेली पौ चेन ही कंपनी मोठमोठ्या ब्रँडसाठी बूट बनवते, पण बूट घालणाऱ्याच्या कानावर तिचे नाव कधी पडत नाही. हे तैवानी कारखानदार आता तमिळनाडूत उतरले आहेत. चेय्यारला फेंग टे गटाचा कारखाना बऱ्याच वर्षांपासून चालू आहे आणि त्यात आसपासच्या खेड्यांतल्या मुली मोठ्या संख्येने काम करतात. उत्तरेत हरियानातले बहादूरगड हे देशी खेळाच्या बुटांचे केंद्र आहे. महाराष्ट्र या शर्यतीत मागे आहे, आणि पुढे येऊ पाहतो आहे.

या धंद्यात माणूस पूर्णपणे वगळण्याचा एक मोठा प्रयत्न होऊन गेला. आदिदासने जर्मनीत आन्सबाख येथे आणि नंतर अमेरिकेत अटलांटाजवळ ‘स्पीडफॅक्टरी’ नावाचे दोन कारखाने काढले. यंत्रमानव, संगणकीय विणकाम, गिऱ्हाइकाच्या दाराशी उत्पादन, असा तो बेत होता. प्रत्येक कारखान्यातून वर्षाला पाच लाख जोड काढण्याचे उद्दिष्ट होते. त्याच काळात आदिदासची एकूण वार्षिक विक्री ४० कोटी जोडांच्या घरात होती, म्हणजे हा सगळा खटाटोप एक टक्क्याच्याही आतला. जगभरच्या नियतकालिकांनी त्यावर लेख लिहिले, आशियातल्या बूट कामगारांचे दिवस भरले असे भाकीत झाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की दोन्ही कारखाने काही महिन्यांत बंद होतील आणि तिथे तयार झालेले तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे वापरले जाईल. या घटनेचा अर्थ अनेकांनी ‘यंत्र हरले, माणूस जिंकला’ असा लावला. मला तो अर्थ पटत नाही. यंत्रमानव बंद पडला, पण मोजण्याचे आणि साठवण्याचे तंत्र उचलून जिथे स्वस्त हात आहेत तिथे नेले गेले. हात आणि माप एकाच छताखाली आले, आणि माप दुसऱ्याच्या ताब्यात राहिले.

यंत्रमानव का अडला हे समजायला जोड कसा तयार होतो ते जवळून पाहावे लागते. त्यासाठी व्हिएतनामला जायला नको. चेंबूर आणि कुर्ला यांच्यामध्ये ठक्कर बाप्पा कॉलनी आहे. राजस्थानातून आलेल्या चर्मकार कुटुंबांनी उभी केलेली ती पादत्राणांची वसाहत. अशा वसाहतीतल्या गाळ्यात कारागीर जमिनीवर बसून काम करतो. पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या नमुन्यावरून माल कापायचा, कडा रापीने पातळ करायच्या, तुकडे शिवून अपर तयार करायचा, तो फर्म्यावर चढवून ताणायचा, खाली वळवून चिकटवायचा, सोल्यूशन लावून सुकू द्यायचे आणि मग सोल दाबून बसवायचा. यात सगळ्यात अवघड काम ताणण्याचे. कापड किंवा रेक्झिन हातात लोंबते, एका बाजूला जास्त ओढले तर नाकाशी सुरकुती पडते, कमी ओढले तर टाच ढिली बसते. किती ओढायचे ते बोटांना कळते. लोखंडी पत्रा उचलणाऱ्या यंत्रमानवाला हे लोंबते कापड अजून नीट उमगत नाही. मोठ्या कारखान्यातही कामाचे टप्पे हेच असतात. फक्त ते शंभर माणसांत वाटलेले असतात आणि पट्ट्यावरून पुढे सरकतात.

आता याच साखळीत संगणक कुठे बसतो ते बघा. पत्र्याच्या नमुन्याची जागा फाइल घेते. एका मापाचा नमुना केला की बाकीची मापे संगणक काढतो. कमीत कमी माल वाया जाईल अशी तुकड्यांची मांडणीही तोच करतो. पूर्वी हे कौशल्य एका जाणत्या कारागिराचे असे आणि त्याचा रोज इतरांहून जास्त असे. शिलाईच्या ओळीवर प्रत्येक गठ्ठ्याला बारकोड असतो, प्रत्येक कृतीला ठरावीक सेकंद असतात आणि कोणाच्या हातून किती सेकंदांत काम झाले याची नोंद आपोआप होते. संध्याकाळी पडद्यावर लाल-हिरव्या रंगांत त्या मुलीचा दिवस उमटतो. तो पडदा पर्यवेक्षकाला दिसतो, कारखान्याच्या कचेरीत दिसतो, करारात तसे असेल तर परदेशातल्या ब्रँडलाही दिसतो. तिला स्वतःला तिच्या सहा महिन्यांच्या नोंदी हातात मिळतात का? कायद्याने तिला तसा हक्क आहे का? या प्रश्नांपाशी मला तुम्हाला आणायचे होते, आणि इथूनच १९२८ कडे वळता येते.

त्या काळी मुंबईतला विणकर साधारणपणे दोन माग सांभाळत असे. सासून गटाच्या गिरण्यांत त्याला तीन माग देण्याची पद्धत सुरू झाली, साचाखात्यातही एकेका माणसाकडे दुप्पट काम आले. मालक याला रॅशनलायझेशन म्हणत. त्याविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, दीड लाख कामगार संपावर राहिले. संपाच्या काळात संयुक्त संप समितीने १७ मागण्या ठेवल्या, आणि संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या तडजोडीवर. या संपाकडे ‘यंत्राला विरोध’ म्हणून पाहणारे त्यातले वाद वाचत नाहीत. भांडण बहुतेक सगळे मापाचे होते. सुताचा नंबर काय, कापडाची रुंदी काय, त्यावर दर किती. सूत खराब असल्याने धागे तुटले तर तो वेळ कोणाच्या खाती. डाग पडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची का. शेवटची प्रथा तर अशी की, गिरणीने दिलेल्या वाईट सुताचे कापड विणकराने विकत घ्यायचे आणि ते कोणाला तरी पडत्या भावात विकायचे. तीन माग चालवायला नकार देणारा माणूस अडाणी नव्हता. तिसऱ्या मागाचा फायदा कोणाच्या खिशात जातो, हे त्याने तोंडी हिशेबाने काढले होते. मालक संघाला अखेर दरांचा एकसारखा तक्ता चर्चेसाठी टेबलावर ठेवावा लागला, ही त्या संपाची मोठी कमाई होती. गिरणीगणिक वेगळा आणि मालकाच्या मर्जीवर चालणारा दर प्रथमच सगळ्यांसमोर वाचला गेला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. संगणक येण्याआधी माप जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हातात होते. जॉबर भरती करी, जॉबर बदलीवाल्याला दारात ताटकळत ठेवी, जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. बूट वसाहतीतला कंत्राटदार आजही तेच करतो. जोड मोजताना चार बाद करतो आणि उचल दिलेल्या कारागिराला बांधून ठेवतो. त्याच्या तुलनेत बारकोड पक्षपात करत नाही, जात विचारत नाही, लाच मागत नाही. हे खरे आहे. म्हणूनच मी नोंद बंद करा असे म्हणत नाही. लेखी नोंद ही कामगाराची जुनी मागणी आहे. पण नोंद एकाच बाजूच्या कपाटात राहिली तर जॉबर गेला आणि त्याची वही तेवढी मोठ्या मालकाकडे गेली, इतकाच फरक पडतो.

जातीचा उल्लेख आला आहे, तर त्यावर थांबून बोलायला हवे, कारण बुटांच्या धंद्यात तो विषय टाळून एक पाऊल पुढे जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत मागखाते, म्हणजे जास्त पगाराचे खाते, अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि इतर विणकर विटाळाचे कारण पुढे करत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठेवला. सगळ्यांनी मिळून लढायचे तर चांगल्या खात्याचे दार सगळ्यांना उघडे पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या बूट धंद्यात चांगले खाते कोणते? नमुन्याची फाइल बनवण्याचे, विणयंत्राला आज्ञावली देण्याचे, नोंदींचा अर्थ लावण्याचे. आणि रापी-आरी पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेला समाज कुठे आहे? चिकटवण्याच्या आणि शिलाईच्या ओळीत. फर्म्यावर अपर किती ओढायचा हे ज्याला कळते त्याच्याकडून ते ज्ञान ऐकून, टिपून, फाइलमध्ये भरणारा वेगळाच कोणी असतो, आणि पगाराची रेषा त्या दोघांच्या मधून जाते. धागा तोंडाने ओढण्याचा प्रश्न आता उरलेला नाही, तरी दार बंदच आहे. कुलूप इंग्रजीचे, शिक्षणाच्या फीचे आणि ओळखीपाळखीचे आहे. चर्मकार आणि ढोर समाजातल्या मुलामुलींना या फाइलच्या कामाचे शिक्षण मोफत आणि मराठीत मिळाले पाहिजे. डिजिटल परिवर्तन हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येक सरकारी योजनेची पहिली कसोटी मी हीच मानतो.

सगळ्यात जोराचा आक्षेप असा असतो: अटी घालाल तर काम पळून जाईल, गिरणगावात तेच झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून कामगारांनी हट्ट करू नये, असा धडा सांगितला जातो. या धड्यात घटनाक्रम उलटा लावलेला आहे. संपाच्या कितीतरी आधीपासून अनेक मालकांनी नव्या यंत्रांत पैसे घालणे थांबवले होते आणि काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते. त्या शेडमध्ये कित्येकदा गिरण्यांनीच भंगारात काढलेले माग बारा-बारा तास चालत. म्हणजे काम गेले ते अधिक प्रगत यंत्राकडे गेले नाही; जिथे तक्ता नव्हता, हजेरीपट नव्हता, युनियन नव्हती तिथे गेले. मुंबईत उरली जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनीविषयीचा ५८ वा नियम, त्यातली २००१ ची दुरुस्ती आणि २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या वाटेने त्या जमिनीचे काय झाले ते खिडकीतून दिसते. कामगारांनी मोजमापाबद्दल तोंड बंद ठेवले असते तर गिरण्या टिकल्या असत्या, याला कसलाही पुरावा नाही.

बुटांच्या धंद्यातही हीच पळवाट तयार आहे. तमिळनाडूतल्या आंबूर भागात चामडी बुटांचे अपर घरोघरी बायका हाताने शिवतात. निर्यातदार कारखान्याच्या आत प्रत्येक सेकंदाची नोंद आहे, पण अपरचा गठ्ठा दलालामार्फत घरी गेला की तिथून पुढे नोंद थांबते. किती वेळ लागला, सुई किती वेळा बोटात गेली, एका जोडाचे किती पैसे मिळाले, हे कुठल्याच पडद्यावर येत नाही. कच्चा माल कुठून आला याचा माग काढू शकणारे तंत्र त्या घराच्या उंबऱ्याशी आंधळे होते, आणि ते आंधळे राहावे असे ठरवूनच ठेवलेले असते. तेव्हा दोन्ही टोके एकत्र पाहायला हवीत: आतल्या मुलीचे माप तिच्यापासून लपवलेले, बाहेरच्या बाईचे माप घेतलेलेच नाही. दोन्हीकडे नुकसान तिचे.

कायदा इथे काय करतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कलम ९-अ आणि चौथ्या अनुसूचीनुसार, ज्या सुसूत्रीकरणामुळे किंवा यंत्रसुधारणेमुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे त्याची २१ दिवस आधी नोटीस देणे मालकावर बंधनकारक होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही अशा नोटिशीची तरतूद आहे. ही कलमे आकाशातून पडली नाहीत. गिरणगावातल्या आणि देशभरातल्या लढ्यांचा ठसा त्यांवर आहे. पण त्यांची नजर नोकरी जाण्यावर आहे. नोकरी तशीच राहिली आणि त्याच नोकरीतला सेकंद कमी केला, तर हे संरक्षण सहज लागू होत नाही. आता दुसरा कायदा पाहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. आपल्याबद्दल काय साठवले आहे हे विचारण्याचा हक्क मात्र संमती देणाऱ्याशी जोडला आहे. परिणाम असा की मोबाइलवर एखादे ॲप वापरणारा ग्राहक आपली नोंद मागू शकतो, आणि जिची प्रत्येक हालचाल आठ तास मोजली जाते ती कामगार तोच हक्क तितक्या ठामपणे सांगू शकत नाही. संसदेने हे दुरुस्त करावे, अशी मागणी कामगार संघटनांकडून आधी यायला हवी होती.

यावर मालकांकडून उत्तर येते की सेकंदांचा तक्ता हे व्यापारी गुपित आहे. या उत्तराला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच प्रत्युत्तर मिळालेले आहे. १८९१ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या विणकराला त्याच्या कामाचा तपशील आणि दर लेखी देण्याचे बंधन मालकावर घातले. लँकेशायरच्या मालकांची गुपिते त्याने फुटली नाहीत, गिरण्या बुडाल्या नाहीत. उलट विणकर आणि मालक दोघे एकाच कागदाकडे बघून भांडू लागले, आणि अशी भांडणे मिटतात. आपल्याकडेही कारखान्याच्या दाराशी कामाच्या वेळांची पाटी लावण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यात होतीच. कामाची वेळ दारावर लिहिता येते, तर त्या वेळेत अपेक्षित असलेले काम आणि त्याचे माप का लिहिता येऊ नये? बारकोडने जी नोंद घेता येते ती कामगाराच्या मोबाइलवर पाठवायला वेगळा खर्चही येत नाही.

छोट्या गाळेवाल्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. त्याच्याकडे संगणकीय कटिंगचे यंत्र घेण्याइतके पैसे नाहीत. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग समूह योजनेत अनेकांनी मिळून सामाईक सुविधा केंद्र उभारण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे. यंत्र सामाईक असेल तर दहा गाळेवाल्यांना मिळून मोठी ऑर्डर घेता येते. पण त्या केंद्रात कारागिराने आणलेला नमुना संगणकात चढवला की फाइल कोणाची? या प्रश्नाला मोठ्या कंपन्या किती महत्त्व देतात ते पाहा. विणलेल्या अपरच्या तंत्रावरून नायकी आणि आदिदास २०१२ पासून न्यायालयांत भांडत होते, आणि अखेर २०२२ मध्ये त्यांनी तडजोड केली. टाका कसा घालायचा यासाठी ज्यांनी दहा वर्षे वकील ठेवले त्यांना फाइलची किंमत कळते. आपल्या वसाहतीतला कारागीर आपला नमुना सुट्या कागदासारखा देऊन मोकळा होतो.

कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने महाराष्ट्राने या बाबतीत नुकताच एक धडा घेतला. खेळाचा बूट आणि कोल्हापुरी यांचे बाजार निराळे असले तरी प्रश्न एकच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. पण मानांकनाची पकड मुख्यतः नावावर असते. नाव न वापरता आकार उचलला तर कायदा तोकडा पडतो. आणि मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका, याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत या कारणाने जुलैमध्ये फेटाळली गेली. लोकांच्या संतापामुळे पुढे प्राडाला बोलणी करावी लागली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचे ठरले. दरम्यान आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने जोडांवर क्यूआर कोड देण्यास सुरुवात केली. तो मोबाइलने वाचला की जोड कोणी केला, कुठे केला, कोणता माल वापरला हे कळते. मला हे पाऊल फार मोलाचे वाटते. माणसाला अदृश्य करणारे तंत्र त्याचे नाव पुढे आणण्यासाठीही वापरता येते, याचा हा हातात धरता येण्यासारखा पुरावा आहे. बूट कारखान्यातला बारकोड कामगाराकडे बघतो. हा कोड गिऱ्हाइकाला कामगाराकडे बघायला लावतो.

रायगड जिल्ह्यात रातवड येथे मोठा चर्मोद्योग समूह उभारण्याची योजना सरकारने पुढे आणली आहे. तिथे जमीन, वीज, रस्ते, अनुदान यांची बोलणी होतील. गुंतवणूकदार येतील, समारंभ होतील. ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या आणि धारावीतल्या कारागिरांची मुले तिथे जातील तेव्हा कोणत्या खात्यात बसतील, हे आजच ठरवता येते. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कामाचे प्रमाणवेळ-तक्ते दाराशी लावावेत, कामगाराला त्याच्या नोंदी दर महिन्याला द्याव्यात, घरी पाठवलेल्या कामालाही तोच कोड आणि तोच दर लावावा, आणि सामाईक केंद्रात चढवलेली नमुन्याची फाइल कारागिराच्या किंवा त्याच्या सहकारी संस्थेच्या नावावर राहावी, एवढ्या अटी अनुदानाच्या करारात लिहायला कोणताही नवा कायदा लागत नाही. या परिसरातल्या कामगार संघटनांनी, आणि गिरणी गेल्यानंतरही ज्यांच्या घरात जुनी पगाराची चिठ्ठी जपून ठेवलेली आहे अशा तुम्ही सर्वांनी, हे उद्योग खात्याला लिहून कळवावे. आणि महामंडळाला एक विनंती आहे. क्यूआर कोडमध्ये कारागिराचे नाव येऊ शकते, तर पुढच्या छपाईत त्या जोडासाठी त्याला मिळालेली मजुरीही लिहावी.